तडा गेल्यानंतर

तुळई मोडायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागला नाही.

चेणे गावातल्या सिमेंट पाइपांच्या कारखान्यात, पत्र्याच्या शेडखाली, सरकारी खात्याचे दोन इंजिनिअर खुर्च्या टाकून बसले होते. समोर लोखंडी चौकटीत काँक्रीटची एक तुळई आडवी ठेवली होती. विठू मुकादम जॅकचा दांडा सावकाश वर-खाली करत तिच्यावरचा दाब वाढवत होता आणि आशा साळवी डायलवरचा काटा मोठ्याने वाचून दाखवत होती. तिच्या काखेत संगणकाने छापून दिलेल्या कागदांची जाड घडी होती. त्या कागदांचं म्हणणं असं, की तुळईला आता खालून बारीकसा तडा जाईल, पण ती मोडणार नाही. आत मिसळलेले तारेचे तुकडे तो तडा धरून ठेवतील. तुळई वाकेल, कुरकुरेल आणि बराच वेळ वजन पेलत राहील. हेच तर साहेबांना दाखवायचं होतं. साधं काँक्रीट न सांगता मोडतं, तारेचं काँक्रीट मोडण्याआधी सांगतं.

काडकन आवाज झाला आणि तुळईचे दोन तुकडे खालच्या वाळूत पडले.

मोठे साहेब उठले, त्यांनी पँटवरची धूळ झटकली. "डॉक्टर परेरा, तुमचं काँक्रीट काही बोललं नाही बुवा," ते म्हणाले. बोलण्यात टोमणा नव्हता, उलट त्यांनाच जरा वाईट वाटलं होतं. "संगणक काय म्हणत होता?"

डॉ. सेलेस्टिन परेरांनी आशाकडे पाहिलं.

"धरेल म्हणत होता," आशा म्हणाली.

"मग?"

साहेबांनी चहा अर्धा टाकला आणि जाताजाता महिनाभरात अहवाल पाठवा म्हणून सांगितलं. त्यांची जीप घोडबंदरच्या रस्त्याला लागली.

ही चौऱ्याहत्तर सालातली गोष्ट. डॉ. परेरा मूळचे उत्तनचे. वडील, काका सगळे होडीवर. कॉलेजात जाऊन इंजिनिअर झालेले आणि पुढे विलायतेत डॉक्टरेट केलेले घरातले हे पहिलेच. आता ते मुंबईतल्या एका कॉलेजात शिकवत. आशा गणितात एम.एस्सी. झालेली, लग्न होऊन रत्नागिरीहून भाईंदरला आलेली. परेरांच्या संशोधनासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला त्यांना माणूस हवं होतं आणि आशाला काम. काँक्रीट म्हणजे काय हे तिला तोवर चाळीच्या जिन्यापलीकडे माहीत नव्हतं.

आणि या सगळ्या खटाटोपाला कारण होती खारीची उघाडी. भाईंदरजवळच्या खारी गावच्या मिठागराच्या बांधात भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं दार होतं, त्याला लोक उघाडी म्हणत. तिच्यावर काँक्रीटचा स्लॅब टाकलेला होता. मिठाच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका दिवसभर त्याच्यावरून ये-जा करायच्या. आदल्या वर्षी तो स्लॅब एकाएकी तुटला. खाऱ्या पाण्याने आतल्या सळया गंजून कुजल्या होत्या, पण वरून सगळं धडधाकट दिसत होतं. बायका टोपल्यांसकट खाली गेल्या. दुर्गा नावाच्या बाईचा पाय असा मोडला की ती पुन्हा मिठागरावर आली नाही. तिच्या मागोमाग चालणाऱ्या विमलाबाई तेवढ्या काठावर राहिल्या. त्या ग्रामपंचायतीच्या सभासद होत्या. त्या दिवसापासून त्यांनी सरकारी कचेरीचा उंबरठा झिजवला, आणि शेवटी खात्याने ठरवलं, की सळयांऐवजी हे नवं तारेचं काँक्रीट वापरून पाहावं, पण आधी चाचणी घ्यावी.

ती चाचणी ही अशी झाली.

परतताना कारखान्याच्या टेम्पोत काशिमिऱ्यापर्यंत परेरा रस्त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "मिसेस साळवी, तारेची पकड आपण जास्त धरली. तो आकडा खाली आणा. गणित आणि तुळई जुळली पाहिजे."

"सर, तो आकडा तुम्हीच प्रयोग करून काढला होता. एकेक तार काँक्रीटमधून ओढून."

"एकटी तार वेगळी, हजारो तारा वेगळ्या. खाली आणा."

बाहेर बघत ते बोलले, म्हणून आशाने पुढे वाद घातला नाही.

घरी राघोने भाताचं आधण ठेवलं होतं. तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करी आणि सकाळची पाळी असली की बायकोच्या आधी घरी येई. त्याने ताट वाढलं. जेवता जेवता तीच बोलायला लागली.

"अहो, तुमच्या गावाला मातीच्या भिंतीत पेंढा घालतात ना?"

"घालतात की. नाहीतर भिंत वाळताना चिरते."

"तसंच. पेंढ्याच्या जागी तारेचे तुकडे. मी काय करते, तर संगणकात त्या तुळईचे लांबीत तुकडे पाडते, एकेका तुकड्याचे वरपासून खालपर्यंत थर करते, आणि प्रत्येक थराला विचारते, बाबा, तुला किती ताण बसला? जो सहन करण्यापलीकडे ताणला गेला तो चिरला. मग विचारायचं, चिरल्यावर तिथल्या तारा किती धरतात? एवढंच. वजन थोडं वाढवायचं, पुन्हा सगळ्यांना विचारायचं."

"आणि आज?"

"आज कुणी काही धरलंच नाही." तिने भातात आमटी कालवली, पण घास घेतला नाही. "सर म्हणतात, पकडीचा आकडा कमी करा. केला की जुळेल, ते मलाही माहितीये. पण मग अहवालात एवढंच लिहायचं, की हे काँक्रीट कामाचं नाही. खारीला पुन्हा सळयांचाच स्लॅब पडेल. आणि मोडून पाहिली ती एकच तुळई."

"बाकीच्या?"

"अजून दोन पडल्यात तिथे. एकाच दिवशी ओतलेल्या."

राघो हसला. "आणि एका आंब्यावरून तुम्ही अख्खी पेटी नासकी ठरवताय?"

तिला तेच टोचत होतं, फक्त शब्दांत सापडत नव्हतं.

तरी सरांनी सांगितलेलं काम तिने आधी केलं. कॉलेजचा स्वतःचा संगणक नव्हता. मुंबईतल्या एका संस्थेत मोठा संगणक होता, त्याच्यावर कॉलेजला आठवड्यातून थोडा वेळ मिळायचा. पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी छापलेले कागद घ्यायला जायचं. तिने एकच कार्ड बदललं. कागद आले. पकड कमी केल्यावर गणितातली तुळईसुद्धा काडकन मोडत होती, अगदी शेडमधल्यासारखी. आलेख इतका बेमालूम जुळला की कुणालाही वाटावं, चला, सुटलं कोडं.

ते कागद घेऊन ती परेरांच्या खोलीत गेली. त्यांनी आलेख पाहिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"छान. लिहायला घ्या."

"सर, बाकीच्या दोन तुळया मोडू या का?"

"कशाला? आता कळलं ना."

"कळलं असेल तर त्याही अशाच मोडतील. आपला अहवाल आणखी पक्का होईल."

या बोलण्यावर नाही म्हणायला जागा नव्हती. परेरा नाखुशीने चेण्याला आले. विठूने दुसरी तुळई चौकटीत चढवली. तडा गेला, आणि ती मोडली नाही. जॅकचा दांडा खाली-वर होत राहिला, तडा बोटभर रुंद झाला, आतल्या तारा चमकायला लागल्या, एकेक सुटताना टिकटिक आवाज येऊ लागला, आणि तुळई वाकत वाकत जवळजवळ वाळूला टेकली. ती आशाच्या जुन्या कागदांप्रमाणे वागली होती. तिसरी तुळई दोघींच्या मधली निघाली: थोडा वेळ धरलं आणि मग सोडून दिलं.

"ही काय भानगड?" परेरा म्हणाले. "एक मिश्रण, एक दिवस, एकच माणूस ओतणारा."

"सर, एक आकडा तिघींना बसणारच नाही," आशा म्हणाली. "पहिलीला बसवला तर दुसरी चुकते."

"म्हणून काय तिघींना तीन आकडे द्यायचे? त्याला गणित म्हणत नाहीत, मिसेस साळवी. त्याला अंदाजपंचे म्हणतात."

ते बाहेर जाऊन सिगरेट ओढत उभे राहिले. आशा खाली वाळूत बसली आणि तिने पहिल्या तुळईचा मोडलेला तुकडा ओढून घेतला. मोडलेल्या तोंडावर तारा जवळजवळ नव्हत्याच. तिने विठूला हातोडी मागितली.

"बाई, तुम्ही कशाला? मी फोडतो."

"इथे शेजारीच फोडा, विठूभाऊ. हातभर आत."

घाव बसले, ढलपा उडाला आणि आत तारांचा एक मोठा गुंता निघाला. चिमणीने काड्या गोळा करून ठेवाव्यात तसा. त्या गुंत्यात सिमेंट धड शिरलंही नव्हतं. सगळ्या तारा तिथे दाटीवाटीने बसलेल्या, आणि शेजारची जागा कोरडी ठणठणीत. तुळई नेमकी त्या रिकाम्या जागी मोडली होती.

"तारा कशा टाकल्या होत्या?" तिने विचारलं.

"एकदम. पाटीभर." विठूने मान खाजवली. "कुणी काही सांगितलं न्हवतं. खडी टाकतो तशाच टाकल्या."

ते खरंच होतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. परेरा आत आले, गुंता बघून खाली वाकले, हात लावून पाहिला.

"माझ्या प्रोग्रॅमचीही चूक आहे, सर," आशा म्हणाली. "मी सगळीकडे सारख्या तारा धरल्यात. प्रत्येक थरात तेवढ्याच. तशी तुळई जगात कुठेच नसते."

पुढचे तीन आठवडे ती त्याच्याच मागे होती. तिने प्रोग्रॅम असा बदलला, की प्रत्येक तुकड्यातल्या प्रत्येक थराला किती तारा मिळतात ते संगणकाने जणू चिठ्ठ्या टाकून ठरवावं. कधी जास्त, कधी कमी. शिवाय गुंता किती होतो, तेही हाताने कमीजास्त करता यावं. मग एकच तुळई एकदा न मोडता पुन्हा पुन्हा मोडायची, दर वेळी नव्या चिठ्ठ्या टाकून. पहिल्यांदा जे कागद आले त्यांत वजन ठेवल्यावर तुळई वर उचलली जात होती. संस्थेच्या खिडकीतल्या ऑपरेटरने कागद देताना विचारलंसुद्धा, "मॅडम, ये उडता है क्या?" एका ठिकाणी उणेचं चिन्ह राहून गेलं होतं. दुसऱ्यांदा प्रोग्रॅम एकाच चक्रात अडकून संगणकाचा सगळा वेळ संपला आणि आठवडा वाया गेला. परेरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण थांबवलं नाही.

तिसऱ्या खेपेला आलेल्या कागदांची घडी तिने स्टेशनच्या बाकावर बसूनच उलगडली. गाडी आली आणि गेली, ती उठली नाही. कागदावर एका रेघेऐवजी रेघांचा झुबका होता, एकेक रेघ म्हणजे नव्या चिठ्ठ्या टाकून मोडलेली एकेक तुळई. तारा विखुरलेल्या असतील तर प्रत्येक तुळई, कमीजास्त करून, तडा गेल्यावर धरत होती. चिठ्ठी वाईट निघाली तरी. गुंता वाढवत नेला की झुबक्यातल्या काही रेघा मध्येच तुटायच्या. आणखी वाढवला की बहुतेक तुटायच्या. म्हणजे काँक्रीट चांगलं की वाईट, हा प्रश्नच चुकीचा होता. ते किती निगुतीने कालवलं, हा खरा प्रश्न होता, आणि किती निगुतीने म्हणजे पुरे, ते या कागदांवर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी परेरांनी तो झुबका बराच वेळ पाहिला.

"इंजिनिअरला एक उत्तर लागतं, मिसेस साळवी. हे गवत घेऊन मी साहेबांकडे काय जाऊ?"

"या गवतातली सगळ्यात खालची रेघ दाखवा, सर. सगळं नशीब वाईट निघालं तरी स्लॅब यापेक्षा वाईट वागणार नाही. तारा नीट विखुरल्या तर."

"तर," परेरा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं सांगू? त्या दिवशी शेडमध्ये मला लाज वाटली. सहा वर्षं मी लोकांना सांगत फिरतोय की हे काँक्रीट सांगून मोडतं, आणि सगळ्यांसमोर... म्हणून मला लवकर काहीतरी जुळवून मोकळं व्हायचं होतं. तुम्ही त्या दोन तुळया मोडायला लावल्या नसत्या, तर मी माझंच काम माझ्या हाताने पुरून टाकलं असतं."

"सर, उणेचं चिन्ह मीच विसरले होते," ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

परेरांनी खात्यात जाऊन दुसरी चाचणी मागितली. मोठे साहेब म्हणाले, ठीक आहे, पण या वेळी कारखान्यात नको. स्लॅब खारीला नेऊन, ज्यांना त्याच्यावरून चालायचंय त्यांच्यासमोर करा.

मग चेण्याला तारा कालवण्याची शाळाच सुरू झाली. बाइंडिंगची तार कापून तुकडे करायचे, ते आपसांत अडकून बसायचे. पाण्याबरोबर टाकून पाहिले, गोळे झाले. कोरड्या वाळूत घोळवून पाहिले, बरे झाले पण पुरेसे नाहीत. परेरा, आशा, विठू, तिघंही एकमेकांच्या युक्त्यांना नावं ठेवत होते आणि एकमेकांच्या युक्त्या करूनही बघत होते. शेवटी मोठ्या भोकांची चाळणी मिक्सरच्या तोंडावर धरायची, मिक्सर फिरत असताना तारा तिच्यातून थोड्या थोड्या झाडायच्या, आणि एका वेळी थोडंच मिश्रण करायचं, असं ठरलं. वेळ तिप्पट लागे. आशाच्या बोटांना तारा टोचून टोचून पट्ट्या बांधाव्या लागल्या. प्रत्येक वेळी एक ठोकळा फोडून आत बघायचं. गुंता दिसला की सगळं पुन्हा. विठू आधी करवादायचा, पण एकदा स्वच्छ विखुरलेल्या तारांचा ठोकळा निघाला, तेव्हा त्याने तो उन्हात धरून सगळ्या कामगारांना दाखवला.

खारीच्या चाचणीला सकाळपासूनच माणसं जमली, खात्याचे दोन्ही साहेबही आले. उघाडीशेजारी विटांच्या दोन ओट्यांवर स्लॅब ठेवला होता. वजन म्हणून मिठाची पोती. विमलाबाईंनीच ती आगरातून काढून दिली होती. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून त्या सगळ्यांत पुढे उभ्या होत्या. त्यांनी आशाला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच ती मशीनवाली पोरगी?"

"हो, बाई."

"मंग सांग बघू. पडंल का राहील?"

"तडा जाईल," आशा म्हणाली. "आवाज येईल, वाकेल. पण पडणार नाही."

"तडा गेला तं त्यो मोडलाच ना?"

"नाही. तडा गेला की त्याने सांगितलं असं समजायचं. मग आपल्याला बाजूला व्हायला वेळ असतो."

विमलाबाईंच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता, आणि तो असावा अशी आशाचीही अपेक्षा नव्हती.

पोती चढू लागली. विठू आणि दोघं कामगार ती हलक्या हाताने ठेवत होते. आशा खाली उकिडवी बसून डायल वाचत होती. कागदावर वाईट नशिबाचीही रेघ होती आणि ती रेघ धरत होती, हे तिला ठाऊक होतं. पण कागद मुंबईत छापलेला होता आणि स्लॅब इथे खारीत उन्हात होता.

टक्क.

स्लॅबच्या खालून केसासारखी रेघ उमटली. बायका ओरडून मागे पळाल्या, छोट्या साहेबांनी खुर्चीसकट उडी मारली. विठू हातातलं पोतं तसंच धरून उभा राहिला.

स्लॅब जागेवर होता.

"ठेवा," परेरा म्हणाले.

विठूने पोतं ठेवलं. टिक, टिक, असे बारीक आवाज येऊ लागले. रेघ रुंदावली. स्लॅब मधोमध खाली झुकला, आता ते कुणालाही डायलशिवाय दिसत होतं. आणखी एक पोतं. आणखी एक. मागे पळालेल्या बायका एकेक पाऊल पुढे आल्या. कुणी हळूच म्हणालं, "धरलंन."

मोठे साहेब ओट्याजवळ जाऊन खाली वाकले, तडा पाहिला, त्यातून डोकावणाऱ्या तारा पाहिल्या. "पुरे," ते म्हणाले. "आता उतरवा." पोती उतरली तसा स्लॅब थोडा वर आला. पूर्ण नाही, पण आला.

"मला एक सांगा," ते आशाकडे वळले. "हा खाऱ्या पाण्यात दहा वर्षांनी असाच वागेल?"

परेरांनी तोंड उघडलं, पण प्रश्न आशाला होता. तिने क्षणभर विचार केला.

"माझ्या प्रोग्रॅमला गंज माहीत नाही, साहेब. अजून नाही. वरवरच्या तारा गंजतील, आतल्या टिकतील असं सरांना वाटतं, पण ते मोजलेलं नाही. दर वर्षी स्लॅब तपासावा लागेल."

छोटे साहेब कुरकुरले, की मग काय उपयोग. मोठ्यांनी त्यांना हातानेच थांबवलं. "दर वर्षी तपासू. तसं लिहून द्या." तिथेच मंजुरी मिळाली.

पावसाळ्याआधी उघाडीवर नवे स्लॅब बसले. बायका पहिले काही दिवस काठाकाठाने चालल्या, मग सवय झाली. आशाने गंजाचं काम हाती घेतलं. परेरांनी तिला डॉक्टरेटसाठी नाव नोंदवायला लावलं आणि आता ते तिला मिसेस साळवी न म्हणता आशाबाई म्हणू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी कॉलेजात निरोप आला: खारीचा स्लॅब फुटला. कुणाला लागलं का, एवढंच आशाने विचारलं. निरोप देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ती आणि परेरा मिळेल ती गाडी धरून भाईंदरला उतरले आणि टांग्याने खारीला गेले.

बांधावर मिठाचा एक भरलेला ट्रक उभा होता. ड्रायव्हर नवा होता. आगराकडे जायला जवळची वाट म्हणून त्याने तो बांधावर घातला होता आणि पुढचं चाक उघाडीवर चढवलं होतं. तो स्लॅब माणसांसाठी आणि हातगाड्यांसाठी होता, ट्रकचा त्यात विचारच नव्हता. ड्रायव्हर बाजूला बसून विमलाबाईंनी दिलेलं पाणी पीत होता.

"चाक चढाया और नीचे बैठने लगा," तो सांगू लागला. "आवाज आयी, कट कट कट. मैंने सोचा, गया. लेकिन गया नहीं. तो रिव्हर्स मारा."

"आमच्या दोन पोरी समोरून येत व्हत्या," विमलाबाई म्हणाल्या. "आवाज आइकला नि तिथंच थांबल्या. त्यांना ठावं हाय ना. मंग मी दोरी बांधली, कुनाला जाऊ दिला न्हाय."

स्लॅबच्या दोन्ही बाजूंना खरंच सुंभाची दोरी बांधलेली होती आणि तिला कुणीतरी लाल फडकं लावलं होतं. आशा दोरीखालून पलीकडे गेली, काठावर पालथी झोपली आणि तिने मान खाली घालून स्लॅबच्या पोटाकडे पाहिलं. मोठा तडा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यातून शेकडो तारा दिसत होत्या. काही सुटलेल्या, काही अजून दोन्हीकडून घट्ट धरून. खाली पाणी संथपणे आगरात शिरत होतं.

"काय म्हणतंय?" परेरांनी वरून विचारलं.

"मोडीतच काढावा लागेल, सर," ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "पण आधी मला याचा तुकडा हवाय. एक अख्खं वर्ष खाऱ्या पाण्यात राहिलेली तार आपल्याला दुसरीकडे कुठे मिळणार?"

विमलाबाईंनी कुणालातरी हाक मारून पहार आणायला सांगितलं. दोन बायका आशाजवळ येऊन बसल्या आणि तिच्याबरोबर खाली वाकून बघू लागल्या. एकीने विचारलं, यातली गंजकी कुठली नि चांगली कुठली, ती वळखायची कशी. आशा थोडी सरकली, तिला जागा करून दिली आणि बोटाने दाखवायला लागली.